डाव्या चाकाचा आवाज

आचऱ्याच्या अलीकडे जो तीन रस्त्यांचा तिठा लागतो, तिथे लवू मेस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर चार खांब, वर पत्रे, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि मागे फणसाला टांगलेले जुने टायर. बोर्ड नाही. ज्याची गाडी अडते तो विचारत येतोच, असं लवू म्हणतो. खरी गोष्ट अशी, की बोर्ड रंगवायचं काम ज्याने अंगावर घेतलं होतं, तो दशावतारी मंडळात राजाचं काम करायला गेला तो गेलाच. बोर्डाचा पत्रा अजून मागच्या भिंतीला टेकून उभा आहे, कोराच्या कोरा.

लवू पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ आणि तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाला चहा पाजेल, पण गोड बोलणार नाही. गाडी तुझी, चूक तुझी, मी फक्त सांगतोय, हे त्याचं ठरलेलं. तालुक्यात दुसरे मेकॅनिक नाहीत असं नाही. पण गाडीचं दुखणं एक आणि लवूने सांगितलं दुसरंच, असं आजवर कधी झालं नव्हतं. ह्या एका गोष्टीसाठी त्याची बायको जानकी सोडून सगळे त्याला मानायचे. जानकीचं म्हणणं, खरं बोलायची एवढी हौस आहे तर बोल बाबा, पण जरा हळू बोलायला काय होतं? तर अशा माणसाच्या तोंडून एकदा खोटं निघालं. तेही भल्यासाठी. त्या खोट्याचं पुढे काय होऊन बसलं, त्याची ही गोष्ट.

शिमग्याच्या दिवसांत विश्वेश हडकर आपली लाल गाडी घेऊन तिठ्यावर आला. विश्वेश ठाण्याला असतो, औषधांच्या कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात रेल्वेने येतो, आणि इथे फिरायला हाताशी असावी म्हणून ही लहानशी गाडी त्याने गावच्या घरी आणून ठेवली होती. हल्ली चाकरमान्यांची ही नवीन तऱ्हा निघाली आहे. गाडी आणायची, ताडपत्री घालायची आणि निघून जायचं. गाडी म्हणजे काय लोणचं आहे, फडकं बांधून ठेवायला? खाऱ्या वाऱ्यात उभी गाडी आतून कुजते, हे लवूने कितीजणांना सांगितलं असेल. ऐकतो कोण!

विश्वेशचे आईवडील मात्र गावातच असायचे. वडील हरिश्चंद्र हडकर, येष्टीचे निवृत्त ड्रायव्हर. वाडीत लहानमोठे सगळे त्यांना आबा म्हणतात. मालवण-देवगड गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली, की त्या रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा त्यांचा हॉर्न ओळखायच्या. आता डोळ्यांत काचबिंदू. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही नाही. आई कावेरीकाकी, माहेर जामसंड्याचं. तिची आठवण गेली कधीची. आधी तांदळात मीठ घालायला विसरायची, मग शेजाऱ्यांची नावं, मग घर आपलं आहे हेच विसरली. विश्वेशने आबांना ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवायला लावून शब्द घेतला होता, की ह्यापुढे गाडी रस्त्यावर काढायची नाही. आठवड्यातून एकदा चालू करायची, बॅटरी मरू नये म्हणून, आणि बंद करायची. बस.

आता ही गाडी उजवीकडे वळवली की वाजते, अशी विश्वेशची तक्रार. लवूने बॉनेट उघडलंच नाही. विश्वेशला स्टेअरिंगवर बसवलं, आपण डावीकडे बसला, काच खाली केली आणि तिठ्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी हळू फिरवायला सांगितली. सरळ चालवली तेव्हा आवाज नाही. डावीकडे स्टेअरिंग पुरतं कापलं, टोकापर्यंत वळवलं, तरी नाही. उजवीकडे पुरतं कापलं आणि जरा रेस दिली, तसं चाकातून सुरू झालं, टक टक टक टक, अडकित्त्याने कोणी सुपारी कातरत बसावं तसं.

लवूने हात वर करून थांबायला सांगितलं. डाव्या चाकाचा जॉइंट गेला होता. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा एक दांडा असतो, त्याच्या चाकाकडच्या टोकाला हा जॉइंट. चाक फिरतंही आणि वळतंही, ती दोन्ही कामं एकाच वेळी होऊ देणं हे त्याचं काम. आत वाटी, वाटीत खाचा, खाचांत लोखंडी गोळ्या, वर ग्रीस आणि सगळ्याला झाकणारा रबराचा बूट. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून बोंब उजव्या वळणाला ऐकू येते आणि दुखणं डावीकडे असतं. लवूने हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि हात पुसले.

विश्वेशचं समाधान होईना. गाडी तर गणपतीपासून उभी होती, मग जॉइंट झिजला कसा? तो गाडीपासून जरा बाजूला आला आणि आवाज खाली आणून बोलला, आणि तेव्हा त्याला नेमकं काय खात होतं ते लवूला कळलं. काकी मागच्या पावसाळ्यात एकदा खाडीच्या काठापर्यंत एकटीच गेली होती. ठाण्याजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे विश्वेशने चौकशी करून ठेवली होती. आबांच्या भरवशावर आईला इथे ठेवायची की नाही, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"लवूदादा, खोलून बघ आणि मला खरं काय ते सांग," तो म्हणाला. "बाबांनी ह्या डोळ्यांनी गाडी चालवली असेल, आणि आईला घेऊन, तर मी तिला इथे एक दिवस ठेवणार नाही."

तो गेल्यावर लवूने गाडी जॅकवर घेतली. डाव्या टायरची बाहेरची कड खरवडल्यासारखी झाली होती, उजवा टायर त्या मानाने बरा. बूट फाटलेला, पण नुसता सुकून नव्हे. एकाच बाजूला ताणून ताणून फाटला होता. जॉइंट खोलून रॉकेलात धुतला आणि लवू उजेडात घेऊन बसला. रस्त्यावर चाललेल्या गाडीच्या खाचा मधोमध घासतात, कारण माणूस जास्त करून सरळच जातो. ह्या वाटीत मधला भाग जवळजवळ नव्यासारखा होता. झीज सगळी खाचांच्या टोकांना, तिथे बोट फिरवलं तर खड्डे लागत होते. म्हणजे ही गाडी सरळ अशी गेलीच नव्हती. स्टेअरिंग पुरतं कापून, उजवीकडे, फक्त उजवीकडे फिरत राहिली होती.

लवूने उभ्या जन्मात असा जॉइंट बघितला नव्हता. कुठली गाडी फक्त उजवीकडे वळते? घाण्याला जुंपलेली असती तर गोष्ट वेगळी. बराच वेळ तो वाटी हातात फिरवत बसला आणि जानकीने आणलेला चहा निवून गेला. मग त्याने हात धुतले, सायकल काढली आणि गाडी कुठे उभी असते ते बघून येतो, असं सांगून हडकरांच्या घराकडे गेला.

तिन्हीसांजेची वेळ होती. विश्वेश देवळाकडे गेला होता, शिमग्याच्या कामाला. हडकरांचं घर नीटनेटकं, चिऱ्याचं, विश्वेशने नुकताच रंग दिलेलं. पुढे खळं मोठं, पूर्वी मळणी व्हायची तेव्हाचं, मधोमध तुळस. खळं शेणाने सारवलेलं होतं, अगदी ताजं. लवू फाटकातच थांबला. त्या सारवणाखाली, तुळशीभोवती, एक खोलगट गोल चर होता. सारवलं म्हणून रंग झाकला गेला, पण उतरत्या उन्हात त्याची कड सावली धरून होती. आणि तुळशीला फेरी घालायची म्हणजे ती उजवीकडूनच. लवूने सायकल फाटकाला टेकवली.

आबा पडवीत बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं आणि हाक मारली. लवू शेजारी जाऊन बसला. दोघेही खळ्याकडे बघत होते.

"कळला मां तुका?" आबा म्हणाले.

"कळला, आबानू."

"मी रस्त्यार जाऊक नाय. देवाक दिलेलो शबुद मोडूक नाय."

मग आबांनी सांगितलं ते असं. काकीला दिवसभर तसा त्रास नसतो. पण दिवे लागणीची वेळ झाली की तिच्या अंगात येतं जणू. पिशवी भरते, लुगडं बदलते आणि माका म्हायाराक व्हर म्हणून दाराशी उभी राहते. दार लावलं तर दार बडवते. हे तुझंच घर गो, असं म्हटलं तर घाबरून रडते, परक्या घरात अडकल्यासारखी. गणपतीनंतर एकदा आबा बॅटरीसाठी गाडी चालू करून बसले होते, तर ती येऊन डावीकडे बसली आणि म्हणाली, चल. आबांनी काय करावं? फाटकाबाहेर जायचं नाही, असा शब्द. त्यांनी स्टेअरिंग पुरतं कापलं आणि खळ्यातच गाडी फिरवली. त्यासाठी डोळे लागत नाहीत, तुळस उजव्या हाताला ठेवली की झालं. दोन फेऱ्या झाल्यावर काकी म्हणाली, आचरा इला काय? आबा म्हणाले, इला.

तेव्हापासून रोज. आबा ड्रायव्हरही तेच आणि कंडक्टरही तेच. आचरा, मुणगे, मिठबाव, कुणकेश्वर, एकेक थांबा पुकारत जायचं. लग्नानंतर काकी माहेरी जायची ती आबांच्याच येष्टीतून, ड्रायव्हरच्या डावीकडच्या सीटवर बसून. नवऱ्याशी बोलायचं नाही, कारण गाडीत लोक असायचे. जामसंडे इला, उतर गो, असं म्हटलं की ती उतरायची, घरामागून वळसा घालून मागीलदारी जायची, तिथे घोटभर पाणी प्यायची आणि शांत व्हायची. जेवायची, झोपायची. माहेरी आल्यासारखी.

लवूने विचारलं, आवाज कधीपासून येत होता? आबा दुखावलेच. इतकी वर्षं येष्टी चालवलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा! दिवाळीपासून येत होता. डावा जॉइंट चाललाय हे त्यांना पहिल्याच टकटकीला कळलं होतं. चार फेऱ्या उजव्या, चार डाव्या घातल्या असत्या तर झीज वाटली गेली असती, हेही कळत होतं. पण तुळशीला उलटी फेरी कशी घालायची? तरी एकदा मन घट्ट करून त्यांनी डावीकडे कापलं, तर काकीनेच त्यांचा हात धरला. तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण उलटं फिरतात ते चितेभोवती, हे ती विसरली नव्हती.

हे बोलणं चाललं असताना काकी बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्याला तेल, हातात पिशवी. गाडीच्या जागी नुसती ताडपत्री घडी घालून ठेवलेली. ती तिथे जाऊन उभी राहिली, ताडपत्री उचलून बघितली, मग फाटकाकडे चालू लागली. आबा उठले, खांबाला ठेचकाळले आणि तिच्या मागे गेले. तिला परत आणायला दोघे लागले. लवूच्या हाताला ती चावली. एवढीशी बाई, पण घाबरलेली, आणि दात हाडापर्यंत लागले.

"विश्वेशाक सांगू नको," आबा म्हणाले. "तेचा चुकता असा मी म्हणनय नाय. पण हिका थंय नेली तर ही जगाची नाय."

लवूने शब्द दिला नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन हाताला हळद लावताना त्याने जानकीला सगळं सांगितलं. जानकी म्हणाली, विश्वेशला सांगा. पोरगा वाईट नाही, आईचाच आहे. आपली आई कशाने शांत होते हे त्याला नको का कळायला? तुम्ही लपवलंत तर त्याच्या घरचा निवाडा तुम्ही केलात असं होईल. लवू खेकसला, तुला काय कळतं, गप राहा. चाकातली टकटक लांबून ऐकणाऱ्या माणसाला बायकोचं बोलणं नेमकं ऐकू येत नाही, ह्याला काय म्हणावं! त्या दिवशी जानकीचं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी विश्वेश आला तो आबांना हाताला धरूनच. नवा जॉइंट बसवून झाला होता. जुना लवूने फडक्यात गुंडाळून ठेवला होता आणि विश्वेशने मागितला तेव्हा तो त्याला द्यावा लागला. विश्वेशने वाटीत बोट घातलं, खड्डे त्याच्या बोटाला लागले, पण त्यातलं काय वाचायचं हे त्याला कुठून कळणार. त्याने लवूकडे बघितलं. आबा समोर तिठ्याकडे तोंड करून उभे होते.

"उभी रवान झाला," लवू म्हणाला. "खाऱ्या वाऱ्यान बूट फुटलो, ग्रीस सुकला. गाडी कोणी चलवूक नाय."

विश्वेशने मोठा श्वास सोडला. त्याच्या तोंडावरचा ताण उतरला, आणि त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुमच्यावर उगीच संशय घेतला म्हणून माफी मागितली. मनाचा चांगलाच तो. आबांनी मान हलवली. लवूला वाटलं, चला, जमलं, जिंकलो आपण. आणि त्याच दमात विश्वेश म्हणाला, मग नुसती उभी राहून सडणार असेल तर ठेवायची कशाला? देऊनच टाकू. तुम्हालाही ती दर आठवड्याला चालू करायची कटकट नको.

अजून वेळ गेली नव्हती. खोटं बोललो, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्याने आबांकडे बघितलं, पण आबांची नजर सरळ समोर, आणि बाजूला उभ्या असलेल्या लवूचं तोंड त्यांना दिसतच नव्हतं. आबा बोलले तर लवू खोटा पडणार, लवू बोलला तर काकी ठाण्याला जाणार. दोघे एकमेकांसाठी गप्प राहिले. आयुष्यभर फटकळ म्हणून नाव कमावलेला माणूस, नेमका तेव्हा त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. पालखी वाडीतून परत देवळात जाईपर्यंत कणकवलीहून एक माणूस आला आणि लाल गाडी घेऊन गेला. नवा जॉइंट असल्याने ती अजिबात वाजली नाही.

विश्वेश ठाण्याला परतला आणि हडकरांच्या खळ्यात रोज संध्याकाळी रडारड सुरू झाली. लवूला तिठ्यावर काही ऐकू यायचं नाही, पण दिवे लागले की त्याचं कामात लक्ष राहायचं नाही. त्याने आपली जुनी व्हॅन नेऊन बघितली. ती लांबोडी, खळ्यात एका दमात वळेना. पुढे घ्या, मागे घ्या. पहिल्याच रिव्हर्सला काकी म्हणाली, गाडी खड्ड्यात गेली, आणि उतरली. शिवाय त्या व्हॅनची उंच सीट आणि कडक क्लच आबांना जमेना.

मग लवूला सुचलं ते कोणालाही सुचलं असतं. माहेरीच जायचं ना? चला, खरंच जाऊ. एका दुपारी दोघांना व्हॅनमध्ये बसवून तो निघाला. काकी डावीकडे, आबा मागे. आचरा गेलं, मुणगे गेलं, आबा मागून पुकारत होते, पण काकी सारखी मान वळवून मागे बघत होती. जामसंड्याला तिच्या भावाच्या नातवांनी घर पाडून दुमजली इमारत बांधली आहे, खाली मोबाइलचं दुकान. लवूने दार उघडलं. काकीने वर बघितलं, खाली बघितलं आणि उतरलीच नाही. दुकानातल्या पोराने पाणी आणून दिलं, तेही घेतलं नाही.

परत येताना कुणकेश्वरच्या चढावर तिने लवूकडे निरखून बघितलं आणि मागे वळून आबांना विचारलं, "ह्यो कोण गाडी चलयता? माझो घोव खंय गेलो?"

आबा मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. लवूला पुढचा रस्ता नीट दिसेना आणि त्याने व्हॅन बाजूला घेऊन थोडा वेळ थांबवली. सबंध जामसंडे तिला दाखवलं असतं तरी उपयोग नव्हता. स्टेअरिंगवर आबा आणि डावीकडे ती, एवढंच तिचं माहेर उरलं होतं, आणि ते आपण कणकवलीच्या माणसाला देऊन टाकलं.

त्यानंतर काकी नवऱ्याला शोधायला घराबाहेर पडू लागली. नवरा शेजारी उभा असताना. आबा तिला धरायला धावायचे आणि पडायचे. वैशाखात एका संध्याकाळी ती सापडेना. शोधाशोध झाली आणि खाडीत जाळं टाकणाऱ्यांनी तिला कमरेएवढ्या चिखलातून काढून घरी आणलं, पिशवी घट्ट धरलेली. शेजाऱ्यांनी विश्वेशला फोन केला. करायलाच हवा होता, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

विश्वेश भाड्याची गाडी घेऊन आला. काकीला संस्थेत ठेवायचं ठरलं. तिथे जोडीने राहता येत नाही, आणि विश्वेशच्या घरी येऊन राहा म्हटलं तर आबा म्हणाले, देवाला आणि तुळशीला दिवा कोण लावणार? पाऊस संपला की येतो, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी ते खरं मानल्यासारखं केलं. ऊन उतरल्यावर निघायचं ठरलं होतं. लवू सामान उचलायला म्हणून गेला. काकी गाडीत बसेना. विश्वेशने समजावलं, ओढून बघितलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा आबा चाचपडत पुढे झाले आणि त्यांनी पुढचं डावं दार उघडलं. काकी मुकाट्याने आत बसली.

भाड्याच्या ड्रायव्हरने गाडी वळवायला घेतली. खळ्यात वळायचं तर तुळशीला वळसा घालूनच. गाडी उजवीकडून हळूहळू फिरली आणि आत काकी पिशवी मांडीवर घेऊन पुटपुटू लागली. काच खाली होती. आचरा, मुणगे, असं ऐकू आलं. आबा फाटकाजवळून पुढचं नाव पुकारायला गेले, पण त्यांचा आवाज फुटला नाही. गाडी फाटकाशी थांबली. काकी इतकी शांत दिसत होती, की विश्वेश बघतच राहिला.

तो लवूजवळ आला. "बघितलंस? गाडीत बसली की कशी शांत होते आई. मला माहीतच नव्हतं रे. कोणी सांगितलं असतं तर गाडी विकली नसती. ड्रायव्हर ठेवला असता, नाहीतर संध्याकाळपुरते बाबाच खळ्यातल्या खळ्यात…" बोलता बोलता त्याने खळ्याकडे बघितलं. पण सारवण नवं होतं, आणि संध्याकाळचा उजेडही फारसा उरला नव्हता. त्याने डोळे पुसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

लवूने मागचं दार लावून दिलं. बोलून आता कोणाचं बरं होणार होतं? विश्वेशच्या जिवाला जन्माचा घोर लागला असता, एवढंच. हे खोटं आता त्याला मरेपर्यंत सांभाळायचं होतं, आणि ते सोपं जाणार नव्हतं.

गाडी फाटकाबाहेर पडून उजवीकडे वळली. आबांना ती दिसत नव्हती. त्यांनी कान तिकडे केला आणि वळण संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

"टकटक नाय," ते म्हणाले. "जॉइंट बरो आसा."

"व्हय, आबानू."

मग ते आत गेले. देवाजवळचा दिवा लावला, दुसरा घेऊन बाहेर आले. लवू हात पुढे करायला गेला, पण तुळशीपर्यंतची वाट त्यांना पाठ होती. त्यांनी दिवा ठेवला, हात जोडले आणि तिथून सरळ पडवीत येऊन बसले. फेरी घातली नाही.